जित्या माणसाची तेरवी

पंजाबरावांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. मेहकरहून बुलढाणा, तिथून राजूर घाट उतरून मलकापूर, आणि परत. एवढ्या वर्षांत गाड्या बदलल्या, रस्ते बदलले, पण पुढच्या एका खिडकीवरची लाल अक्षरं तीच राहिली : 'आमदारांसाठी राखीव'. त्या सीटवर आमदार बसलेला पंजाबरावांनी जन्मात पाहिला नाही. बसणार तरी कशाला? आमदारांच्या गाड्या काचा वर करून, भोंगा वाजवत घाटात ओव्हरटेक मारायच्या. पण सीट राखीव ती राखीव. गर्दीत एखादी लेकुरवाळी बाई तिथं बिचकत बसली, की कडूबा कंडक्टर डबल बेल मारता मारता म्हणायचा, "बस माय, बस. आमदार आला तं उठजो." आणि अख्खी गाडी हसायची.

स्टिअरिंगवर बसलेल्या पंजाबरावांनाही तेव्हा हसू यायचं. रिटायर झाल्यावर ते हसू आटलं.

कारण पेन्शनीतही तसंच राखीव असतं हे त्यांना तेव्हा कळलं. एकदा निवडून आलेला आमदार पाच वर्षांनी घरी बसला तरी जन्मभर पन्नास हजारांच्या वर उचलतो. सरकारी नोकराची पेन्शन महागाई वाढली की वाढते. वाढू दे, त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण एसटीचा ड्रायव्हर पडला महामंडळाचा. त्याची योजना वेगळी. सूतगिरणीवाला, साखर कारखान्यातला, जिनिंगवाला, सगळे एकाच गोणीत कोंबलेले. पंजाबराव रिटायर झाले त्या महिन्यात त्यांना तेवीसशे रुपये पेन्शन बसली. आज एकाहत्तराव्या वर्षी किती? तेवीसशे. मधल्या काळात तेलाचा डबा कुठून कुठं गेला, गॅस कुठं गेला, शालूबाईंच्या शुगरच्या इंजेक्शनची किंमत कुठं गेली, पण पेन्शन जिथं थांबली तिथून ती हललीच नाही. डिझेल संपलेली गाडी तरी धक्का मारला की चार पावलं सरकते!

शालूबाई म्हणजे त्यांची बायको. सुलतानपूरला दोन खोल्यांचं घर, मागं परसात वांगी-मिरच्यांचे दोन वाफे, आणि एकुलती एक पोरगी वंदना, ती चिखलीला दिलेली. पोरीच्या घरचा पैसा घ्यायचा नाही, हा पंजाबरावांचा हट्ट. शालूबाईंना रोज दोन वेळा इंजेक्शन लागायचं. सरकारी दवाखान्यात ते कधी असायचं, कधी "स्टॉक नाही, पुढच्या हप्त्यात या". मग मेडिकलवर जा आणि मोजा. तेवीसशेतले अर्धे तिथंच जायचे.

कडूबाही त्याच गावचा, त्याच पेन्शनीचा. त्याला त्यांच्याहून चारशे कमी. अशाच म्हाताऱ्यांनी बुलढाण्याला मंडप टाकला होता, आळीपाळीनं उपोषणाला बसायचे. कडूबा आपली पाळी चुकवत नसे. थैलीत पाण्याची बाटली, डोक्याला टोपी, की निघाला. पंजाबराव जात, कधी कंटाळत. "बसून काय होते बे कडू? ऐकते कोन?" कडूबा म्हणायचा, "बेल मारनं आपलं काम. गाडी थांबवनं ड्रायव्हरचं."

त्या श्रावणात कडूबा गेला. सकाळी ओट्यावर दात घासता घासता कलंडला. डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलं होतं, गोळी घेत नव्हते काय? अंबूबाई, त्याची बायको, भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "घेत होते. एक दिवसाआड. म्हनत होते, असं केलं का महिन्याचं औषध दोन महिने पुरते."

पंजाबरावांच्या छातीत ते वाक्य काट्यासारखं रुतलं. ज्या माणसानं एकतीस वर्षं एका तिकिटाचा हिशोब चुकू दिला नाही, त्यानं आपल्या जिवाचा असा हिशोब लावला! डेपोतल्या जुन्या मंडळींनी वर्गणी केली तेव्हा कडूबाची तेरवी झाली. आपल्या वऱ्हाडात तेरवी म्हणजे तेरवी. माणूस गरीब असो का श्रीमंत, तेराव्या दिवशी दारी आलेला उपाशी गेला नाही पाहिजे. मेलेल्याची अब्रू त्या पंगतीत असते.

आणि त्यानंतर अंबूबाईचे हाल सुरू झाले. कडूबा मेल्याचं बँकेला वेळेवर कोणी कळवलं नाही. पुढच्या महिन्याची पेन्शन खात्यात आली, बाईनं किराणा भरला. झालं! मेलेल्या माणसाची पेन्शन उचलली म्हणून पैसे परत भरा. भरले. मग विधवा पेन्शनीचा अर्ज, मग दाखले, मग फोटो, मग "साहेब रजेवर". संक्रांतीला कुठं तिची पेन्शन सुरू झाली, तीही निम्मी. माणूस गेला की घरभाडं निम्मं होत नाही, मिठाचा भाव निम्मा होत नाही, पोट तेवढं निम्मं होतं असं कुण्या शहाण्याला वाटलं कोण जाणे.

मग फेब्रुवारीत ते बजेट आलं. सुलतानपूरच्या स्टँडवर चहाच्या टपरीत टीव्ही लागला होता. बातमी देणारी पोरगी अगदी खुशीत सांगत होती : ज्येष्ठ नागरिकांना मोठा दिलासा, इतक्या लाखांपर्यंत टॅक्स नाही, व्याजावर इतकी सूट. टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला, "घ्या पंजाबकाका, तुमची मजा झाली."

"माही?" पंजाबरावांनी कप खाली ठेवला. "काऊन बे, मजा कायची? टॅक्सात सूट भेटाले आधी टॅक्स तं लागला पाह्यजे ना! लाखाची कमाई लागते लाखाची! ज्याच्या ताटात बुंदीचा ढीग हाये त्यालेच हे वरून तूप वाढून राह्यले. अन् आमचा कडू एक दिवसाआड गोळी खाऊन मेला, त्याले कायची सूट देल्ली? मराची?"

पंजाबराव उठून उभे राहिले आणि राजूर घाटात उलट्या बाजूनं येणाऱ्या ट्रकवाल्यावर ओरडायचे तशा आवाजात म्हणाले, "ऐका रे सारे. मार्चची पेन्शन हाती आली का पह्यल्या सोमवारी माही तेरवी हाये. मीच करतो, जित्तेपनी. माह्या एका महिन्याच्या पेन्शनीत जेवढं बसन तेवढंच रांधीन, अन् अख्ख्या गावाले वाढीन. पाहू द्या साऱ्याईले एकतीस वर्षांची किंमत."

जिवंतपणी स्वतःची तेरवी करणारे आमच्याकडे अगदीच नसतात असं नाही. ज्याला मूलबाळ नाही, किंवा पोरांवर भरवसा नाही, तो हौसेनं करून घेतो, गोडधोड घालतो. पण रागानं केलेली तेरवी गावानं पाहिली नव्हती.

शालूबाईंनी ऐकलं आणि हातातलं सूप खाली आपटलं. "आवो, डोस्कं फिरलं काय तुमचं? म्या कुकू लावून हिंडतो अन् तुमी तेरवीचं बोलता? जित्या मानसाची तेरवी करू नाई. त्यानं अवदसा येते घरात."

"अवदसा तं पेन्शन बसली त्याच दिवशी आली शालू. तिले आता आवतन कायचं?"

"मंग करा. म्या नाई येत बाहेर. म्या एक पुरीबी लाटनार नाई." आणि त्या रागानं आत गेल्या.

पंजाबराव मेहकरला प्रेसमध्ये पत्रिका छापायला गेले. प्रेसवाल्यानं नेहमीचा साचा काढला : वर फोटो, फोटोला हार, खाली 'तेरवीचा कार्यक्रम योजिला आहे, तरी येणेचे करावे'. छापता छापता तो घुटमळला. "काका, खाली एक ओळ टाकू काय, आपण हयात आहात म्हणून? लोकाईचा घोळ होईन."

"काऊन?" पंजाबराव गुरगुरले. "त्या तेवीसशात मी हयात हाये काय? छाप जशी हाये तशी. गावाले सारं माहीत हाये."

गावाला माहीत होतंच. पण पत्रिका गावात थोडीच थांबते!

सोमवारी शाळेच्या पटांगणात पंगत बसली. अख्खं गाव आलं. गंमत पाहायला आलं म्हणा ना. स्वतःच्या फोटोला हार घालून पंजाबराव पांढरा सदरा घालून वाढायला उभे. पोरं खिदळत होती. कुणी म्हणालं, "काका, पिंडाले कावळा शिवला काय?" पत्रावळ्या मांडल्या, पाणी फिरलं, आणि वाढप सुरू झालं. पत्रावळीवर अर्धी पुरी. वांग्याची भाजी, एक चमचा. बुंदीचे मोजके दाणे, लहान लेकराच्या मुठीत मावतील एवढे. संपलं. पुढची पत्रावळ. तिथंही तेवढंच.

लोक वाट पाहत बसले की आता दुसरं वाढप येईल. पंजाबराव रिकामं घमेलं घेऊन पंगतीच्या शेवटी उभे राहिले आणि म्हणाले, "जेवा. एवढंच बसलं पेन्शनीत. उद्यापासून महिनाभर मी अन् शालू काय खानार, ते इचारू नका."

हसणं थांबलं. आमच्याकडे पंगतीतून उपाशी उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकण्यासारखं, आणि उपाशी उठवणं त्याहून वाईट. इथं अख्खं गाव उपाशी बसलं होतं आणि रागवायचं कुणावर ते कळत नव्हतं. कौशल्याबाई, पलीकडच्या आळीतली म्हातारी, तिनं आपल्या अर्ध्या पुरीचा कोपरा तोडून खाल्ला आणि उरलेली पदरात बांधली. "नातीसाठी नेतो रे पंजाबा," ती पुटपुटली. सरपंच उठले, हात धुतले आणि निघून गेले. पंजाबरावांना वाटलं, लागलं. आता कुठंतरी बातमी होईल, कोणीतरी विचारील.

विचारलं कुणी नाही. पण पत्रिका मात्र पोचायची तिथं पोचली.

ज्ञानेश्वर हा बाजूच्या गावचा पोरगा. हप्त्यातून दोनदा ग्रामपंचायतीसमोर टेबल टाकून बसायचा, मशीनवर अंगठे घेऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना बँकेचे पैसे काढून द्यायचा. बँक मित्र म्हणतात त्याला. पोरगा सोन्यासारखा. त्या हप्त्यात तो मेव्हण्याच्या लग्नाला वाशीमला गेला होता. परत आला तर टेबलाच्या खणात कुणीतरी ठेवलेली पत्रिका : पंजाबरावांचा फोटो, फोटोला हार, तेरवी. अंबूबाईचे झालेले हाल त्यानं डोळ्यांनी पाहिले होते. शालूकाकूंचं तसं होऊ नये, उगाच मेलेल्याची पेन्शन उचलल्याचा ठपका येऊ नये, त्यांची विधवा पेन्शन लवकर लागावी, म्हणून त्या भल्या पोरानं त्याच पावली पत्रिकेचा फोटो काढून शाखेला पाठवला आणि खाली लिहिलं, 'खातेदार मयत'. घरी जाऊन काकूंसमोर उभं राहायची त्याची हिंमत झाली नाही.

पेन्शन वाढावी म्हणून पंजाबरावांनी किती अर्ज केले असतील! मंडपातून, पोस्टातून, एकदा तर साहेबाच्या हातात. एकही अर्ज कुठं गेला ते कळलं नाही. पण ते मेल्याची खबर आठ दिवसांत पार वरपर्यंत जाऊन बसली. सरकारचे कान असतात बरं का, पण ते फक्त अशा खबरीसाठी.

मार्च संपला, एप्रिलचा पहिला आठवडा गेला, पेन्शन आली नाही. पंजाबराव ज्ञानेश्वरच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले तेव्हा त्या पोराचा हातातला चहा सांडला.

"का... काका?"

"काय झालं बे? भूत पाह्यलं काय?"

काय झालं ते कळलं तेव्हा ज्ञानेश्वरनं अक्षरशः त्यांचे पाय धरले. पंजाबरावांना त्याच्यावर रागावताही येईना. "तुही काय चूक रे? फोटोले हार म्याच घातला. ऊठ. पाठवलं तसं आता वापसबी पाठव." पण तसं परत पाठवायचं बटण त्याच्या मशीनमध्ये नव्हतं.

शाखेत गेले. मॅनेजर तरुण, नागपूरकडचा, बोलायला बरा. कॉम्प्युटरमध्ये पाहून म्हणाला, "सिस्टीममध्ये मयत दाखवतंय काका. खातं गोठवलंय. पेन्शन ऑफिसलाही कळवलं गेलंय."

"मी तुमच्यासमोर उभा हाये ना?"

"हो, पण सिस्टीममध्ये..."

"बंद कराले काय काय कागद लागले?"

"पत्रिका होती. आमच्या प्रतिनिधीनं कळवलं होतं."

"अन् चालू कराले?"

"हयातीचा दाखला. पण तो मशीनवर अंगठा देऊन निघतो, आणि मशीन मयत माणसाचा अंगठा घेत नाही. मग पेन्शन ऑफिसकडून नाव परत सुरू करून आणा. त्यासाठी ग्रामपंचायतीचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला, दोन फोटो, प्रतिज्ञापत्र." मग त्याला वाटलं काहीतरी दिलासा द्यावा. "तोवर काकूंच्या नावानं विधवा पेन्शनीचा अर्ज केला तर घरात काही येत राहील."

"त्याले काय लागते?"

"मृत्यूचा दाखला."

पंजाबरावांचा आवाज काउंटरपलीकडे पार गेटवरच्या वॉचमनपर्यंत गेला. "म्हंजे जिता असलो तं दाखला, मेलो तं दाखला! अन् पैसे बंद कराले नुसती एक पत्रिका! हातच्या कंकनाले आरसा मांगता काय रे? हा पाह्य मी! चिमटा काढून पाह्य!"

रांगेतली माणसं हसली. मॅनेजरही कसनुसा हसला. पंजाबरावांना मात्र हसता येईना. ते बाहेर येऊन पायरीवर बसले.

मग सुरू झाल्या येरझाऱ्या. ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला, पोलीस पाटलाचा मिळाला. पेन्शनीच्या ऑफिसात कागद दिले, तर तिथं सांगितलं, शाखेकडून खुलासा येऊ द्या. शाखेत सांगितलं, ऑफिसकडून विचारणा येऊ द्या. प्रत्येक खेपेला अर्धं तिकीट का होईना, लागायचंच. एप्रिल गेला. मे उजाडला. किराणावाल्यानं वही मिटली. वंदनाला फोनवर सगळं छान चाललंय असं सांगितलं.

एका दुपारी पंजाबराव पाणी प्यायला उठले. घरात फ्रीज नव्हता. इंजेक्शनची बाटली शालूबाई माठाखालच्या ओल्या रेतीत एका स्टीलच्या डबीत ठेवायच्या. माठ सरकवताना डबी हाताला लागली. त्यांनी सहज बाटली उजेडात धरली. बाटलीत अजून पाव औषध शिल्लक. ही बाटली आणली कधी? मार्चच्या सुरुवातीला, खातं बंद झालं त्याच्या आधी. ती कधीच संपायला हवी होती.

"शालू."

शालूबाई परसात वांग्याला पाणी घालत होत्या. आत आल्या, त्यांच्या हातातली बाटली पाहिली आणि पदरानं तोंड पुसलं.

"तू सुई रोज घेऊन राह्यली ना?"

"घेतो की."

"शालू!"

त्या हळूच म्हणाल्या, "एक दिवसाआड घेतो. असं केलं का पुरते."

कडूबाचा ओटा, कडूबाची गोळी, अंबूबाईचा भिंतीला टेकलेला चेहरा, सगळं एकदम पंजाबरावांच्या डोळ्यांपुढं आलं. आणि हे सगळं त्यांच्याच पत्रिकेनं! रागानं केलेली तेरवी त्यांच्या दारात फिरून आली होती, आणि जिनं ती करू नको म्हणून सांगितलं होतं तिच्याच अंगावर पडली होती. ते रडले. एकाहत्तर वर्षांचा ड्रायव्हर, राजूर घाटात ब्रेक फेल झाला तरी गाडी डोंगराला घासून थांबवणारा, तो माठाजवळ बसून लेकरासारखा रडला.

"उठा," शालूबाई म्हणाल्या. "पाय सुजले तं लपवले म्या, तेबी सांगून टाकतो. आता रडू नका. आता काय कराचं ते सांगा."

महिन्यातून एकदा बुलढाण्याला पेन्शनीचे साहेब यायचे, एका हॉलमध्ये बसून तक्रारी ऐकायचे. पंजाबरावांनी या खेपेला एकट्यानं जायचं नाही असं ठरवलं. ते तेरवीच्या पंगतीत बसलेल्या लोकांच्या घरोघर गेले. "माह्या तेरवीले जेवले ना? मंग आता साक्षीले चला." आश्चर्य म्हणजे लोक निघाले. त्या अर्ध्या पुरीचं ओझं गावाच्या मनावर होतंच. कौशल्याबाई, अंबूबाई, टपरीवाला, ज्ञानेश्वर, आणि चक्क सरपंच. सकाळच्या गाडीत सगळे बसले. शालूबाई खिडकीशी, सुजलेल्या पायांत चपला घट्ट होत होत्या म्हणून त्या पिशवीत घातलेल्या.

हॉलमध्ये साहेबांनी कागद उलटले, चष्मा वर केला. "पंजाबराव आपणच, हे ओळखणारं कोणी आहे?"

अख्खी रांग उभी राहिली. कौशल्याबाई काठी टेकत पुढे झाली. "साहेब, म्या याच्या तेरवीले अर्धी पुरी जेवलो. वाढाले हाच व्हता. मेलेला मानूस एवढा कंजूस नसते, साहेब. मेलेल्याच्या तेरवीत पोटभर भेटते."

हॉल हसला. साहेबही हसले, पण कडूबाचं नाव निघालं, अंबूबाई उभी राहिली, तेव्हा हसू ओसरलं. ज्ञानेश्वरनं आपली चूक हात जोडून सांगितली. साहेबांनी तिथल्या तिथं फोन लावले, दोन जणांना झापलं, सही केली, शिक्का मारला. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. इथं प्रत्येक जण बरा होता, आणि तरी शालूबाईंचे पाय सुजले होते.

"झालं काका," साहेब म्हणाले. "तुम्ही कागदोपत्री जिवंत. मागच्या महिन्यांचे अरियर्स एकदम जमा होतील. एक रुपया बुडणार नाही."

"तेवीसशेच ना साहेब?" पंजाबरावांनी विचारलं.

"ते... पेन्शन किती असावी, ते आमच्या हातात नाही. वरून ठरतं."

पंजाबराव वळले. शालूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. आजवर कुठल्या ऑफिसात तोंड न उघडलेल्या त्या बाईनं साहेबांच्या टेबलाला हात टेकला.

"साहेब, पैशाचं अरियर देता, उपकार झाले. म्या एक दिवसाआड सुई घेतली. ज्या दिवशी नाई घेतली, त्या दिवसांचं अरियर कोन देते?"

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. पुन्हा काढलं. शालूबाई पदर सावरून अनवाणी बाहेर आल्या.

परतीच्या गाडीला तोबा गर्दी. पंजाबरावांनी शालूबाईंचा हात धरून त्यांना गर्दीतून पुढे नेलं. पुढच्या खिडकीवर लाल अक्षरं होती, सीट रिकामी होती. त्यांनी शालूबाईंना तिथं बसवलं, पाय लांब करायला लावले, आणि स्वतः शेजारी बसले.

कंडक्टर नवा पोरगा होता. तिकिटं फाडत आला आणि थबकला. "काका, ती सीट राखीव हाये."

"माहीत हाये," पंजाबराव म्हणाले. "एकतीस वर्षं म्याच वागवली ही. आमदार आला तं सांग, उठतो."

कंडक्टरनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा शालूबाईंच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, आणि डबल बेल मारली. चिखली गेलं, मेहकर गेलं. सुलतानपूर येईपर्यंत त्या सीटवर हक्क सांगायला कोणी आलं नाही.